काकासाहेबांच्या गाडीची थरथर

चालताना बिघडणारी गाडी माणूस दुरुस्त तरी करून घेऊ शकतो. काकासाहेब पुंगळे यांची मोटारसायकल चालताना मुळीच बिघडत नव्हती. ती थांबल्यावर बिघडत होती, आणि हे लोकांना पटवून देण्यात त्यांचा अर्धा हिवाळा गेला. रस्त्यानं ती सुतासारखी सरळ जायची. सिग्नल लागला, गाडी उभी राहिली, की इंजिनाचा आवाज चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. आजूबाजूच्यांना वाटायचं, म्हाताऱ्याला निघायची घाई झालीय. क्रांती चौकात एकदा एका कॉलेजकुमारानं हेल्मेटची काच वर करून "काका, लावायची का रेस?" असं विचारलंसुद्धा. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं अभिलेख सांभाळलेल्या माणसाला भर चौकात हे ऐकून घ्यावं लागलं.

काकासाहेब हे त्यांचं पाळण्यातलं नाव. म्हणजे ते दुसरीत होते तेव्हाही मास्तर त्यांना काकासाहेबच म्हणत आणि छडीसुद्धा काकासाहेब म्हणूनच मारत. असलं नाव घेऊन जन्माला आलेल्या माणसाला प्रतिष्ठा लहानपणापासून सांभाळावी लागते. काकासाहेबांनी ती सांभाळलीही होती. शर्ट आत खोचलेला, खिशाला पेन, आणि गाडीचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी रबरात, रबर लोखंडी कपाटात. अशा माणसाची गाडी चौकात उभी राहून आरडाओरडा करते, हे त्यांना चारित्र्यावरचा डाग असल्यासारखं लागलं होतं.

त्यात गाडीचा परिणाम त्यांच्या अंगावर व्हायला लागला होता. निदान त्यांचं म्हणणं तरी तसं होतं. "ही इतकी थरथरते की घरी आल्यावरसुद्धा माझा उजवा हात थांबत नाही," असं ते ज्याला त्याला सांगत आणि पुरावा म्हणून हात मांडीवर सैल सोडून दाखवत. "बघा. बघा कसा हलतोय. ही सगळी त्या गाडीची करणी." समोरचा माणूस हाताकडं बघायचा, मग त्यांच्या तोंडाकडं बघायचा, आणि गप्प व्हायचा. काकासाहेब समजायचे, मुद्दा पटला.

गाडी दुरुस्त होण्याची इतकी निकड कशासाठी, तर सोमवारसाठी. दर सोमवारी आशाबाईंना मागं बसवून वेरूळला घृष्णेश्वराच्या दर्शनाला न्यायचं, हा त्यांचा एकतीस वर्षांचा नेम होता. आधी स्कूटरवर, मग या गाडीवर. नोकरीत असताना पहाटे साडेपाचला निघून, दर्शन उरकून, पावणेदहाला ते कार्यालयाच्या खुर्चीत असत. आशाबाईंना त्यांनी काश्मीर दाखवलं नव्हतं, दागिना म्हणावा असा एकच केला होता, आणि गोड बोलण्याची तर त्यांच्या तोंडाला सवयच नव्हती. बायकोसाठी आपण आयुष्यात काय केलं, असं कुणी विचारलं असतं तर त्यांनी सोमवार दाखवला असता. दुसरं दाखवण्यासारखं त्यांच्याकडं काही नव्हतं, आणि हे त्यांना स्वतःला चांगलं ठाऊक होतं.

सल्ला द्यायला हडकोतली अख्खी गल्ली तयार होती. समोरच्या आवडाबाईंचं निदान सगळ्यांत आधी आलं. "नजर लागलीय काका तुमच्या गाडीला. दर सोमवारी जोडीनं जाता. लोकान्ला बघवत नाय." त्यांनी स्वतः येऊन मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. कोपऱ्यावरच्या वाण्याच्या मते पेट्रोलमध्ये पाणी होतं. काकासाहेबांनी पंप बदलला. नंतर ज्याच्या त्याच्या सांगण्यावरून आणखी तीन पंप बदलले. तिसऱ्या पंपावर त्यांनी बाटलीत पेट्रोल मागून उन्हात धरून पाहिलं, तेव्हा तिथला माणूस त्यांना साहेब म्हणायला लागला. त्याला वाटलं, तपासणीला कुणी आलंय. तेवढा एक दिवस चांगला गेला.

शेजारचा राजकुमार शेंद्र्याच्या एका कंपनीत गुणवत्ता विभागात होता. यंत्र बिघडलं की त्याच्या मुळाशी कसं जायचं याचं रीतसर प्रशिक्षण त्याला मिळालेलं होतं, आणि मुळाशी जायला मिळेल असं काही तो गल्लीत सतत शोधत असे. एका रविवारी तो जुनं कॅलेंडर घेऊन आला, त्याच्या पाठीवर त्यानं माशाचा सांगाडा काढला आणि एकेका काट्यावर नावं घातली. यंत्र, माल, पद्धत, माणूस.

"काका, कंपनीत आमी असंच करतो. दोष या चारातनंच कुठून तरी येतो. लई सोपंय."

"माणूस म्हणजे कोण?" काकासाहेबांनी विचारलं.

"माणूस म्हणजे... चालवणारा."

"म्हणजे मी."

राजकुमार पेनाचं टोपण लावायला आणि काढायला लागला. काकासाहेब त्याच्या वडिलांच्या वयाचे. त्याच्या दहावीच्या फॉर्मवर सही करून देणारे. त्यांच्या अंगणात बसून, त्यांच्या घरचा चहा पीत, त्यांच्यावरच बोट ठेवायचं कसं?

"एकतीस वर्षं चालवतोय," काकासाहेब म्हणाले. "एकदा सुद्धा पावती फाटलेली नाही. तो काटा खोड."

राजकुमारनं माणूस खोडला. मग उरलेल्या तीन काट्यांवर त्यानं सव्वा तास चर्चा केली आणि दोष बहुतेक मालात असावा असं ठरवलं. आशाबाई कप उचलायला बाहेर आल्या, तेव्हा त्यांनी त्या माशाकडं जरा वेळ बघितलं आणि कप घेऊन त्या आत गेल्या. त्यांच्या हातच्या चहाबद्दलही काकासाहेबांची एक तक्रार त्या दिवसांत होती. दिवाळीपासून त्यांचा कप अर्धाच भरून यायला लागला होता. "दूध इतकं महागलं का?" असं ते एकदा लागट बोललेही. आशाबाईंनी उरलेला अर्धा मागाहून आणून दिला. पण एकदम भरून दिला नाही तो नाहीच.

मध्येच गाडीला पंधरा वर्षं पूर्ण झाली आणि ती पुन्हा नोंदवण्यासाठी परिवहन कार्यालयात न्यावी लागली. तिथल्या निरीक्षकानं गाडी सुरू केली, बाजूला उभं राहून आवाज ऐकला, दिवा-हॉर्न बघितला आणि म्हणाला, "चांगली ठेवलीय. पास."

"पास करू नका," काकासाहेब म्हणाले. "तिच्यात दोष आहे. थांबली की बिघडते."

"आत्ता थांबलेलीच आहे की."

"रस्त्यावर थांबली की म्हणतोय मी. इथं ती सोंग करते. तुम्ही शेऱ्यात तसं लिहा."

"तुमच्याच गाडीविरुद्ध?" निरीक्षकानं फॉर्म खालपासून वर वाचला. "असा रकाना नाही यात."

काकासाहेबांनी स्वतः चौतीस वर्षं लोकांचे अर्ज याच वाक्यानं परत पाठवले होते. गाडी निर्दोष असल्याचा सरकारी कागद घेऊन ते निघाले आणि फाटकाबाहेरच्या पहिल्याच सिग्नलला ती पुन्हा ओरडायला लागली.

नवाबकडं ते या सगळ्याच्या आधी गेले होते, मध्ये गेले होते आणि नंतरही गेले. रोशन गेटजवळ नवाबचं गॅरेज. गॅरेज म्हणजे एक शटर, एक लिंबाचं झाड आणि झाडाला टांगलेले टायर. काकासाहेबांच्या स्कूटरला त्याच्या वडिलांनी हात लावलेला, या गाडीला त्यानं. दुसऱ्या मिस्त्रीला त्यांनी ती कधी दाखवलीच नव्हती. पहिल्या खेपेला नवाबनं कार्बोरेटर उतरवून पेट्रोलमध्ये धुतला, त्याची बारीक भोकं हवा मारून साफ केली, स्क्रू पाव-पाव फिरवत आवाज जुळवला आणि हात बाजूला घेऊन उभा राहिला. इंजिन स्वस्थ चालत होतं. दुसऱ्या खेपेला प्लग बदलला, फिल्टर झटकला, कार्बोरेटरमागचं रबर चिरलंय का ते नखानं तपासलं. इंजिन स्वस्थ चालत होतं. "साहब, इसमें तो कुच बी नहीं है," तो म्हणाला, आणि काकासाहेबांचा चेहरा पडला. रोगी मरणाला टेकलाय आणि वैद्य म्हणतो नाडी उत्तम आहे, तसं त्यांना झालं.

तिसऱ्या खेपेला काकासाहेब स्वतः गाडीवर बसले. "आता ऐक," असं म्हणून त्यांनी किक मारली आणि हात नेहमीसारखा अ‍ॅक्सिलेटरवर ठेवून ते वाट बघत राहिले. थोड्याच वेळात इंजिन चढलं, उतरलं, चढलं. काकासाहेबांना आनंद झाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा गाडी साक्षीदारासमोर गुन्हा करत होती.

"ऐकलंस? आणि हे बघ." त्यांनी हात उचलून मांडीवर सैल सोडला. "तिच्या थरथरीनं माझा हात कसा झालाय बघ. झोपेतून उठल्यावरसुद्धा असतो आता."

नवाबनं हाताकडं बघितलं. मग त्यानं फडकं घेतलं आणि स्वतःचे हात पुसायला लागला. ते पुसून झाले तरी तो पुसतच राहिला.

"दो घंटे छोड़ के जाव साहब," शेवटी तो म्हणाला. "समझ गया मैं."

"काय होतं?"

"केबल."

दोन तासांनी गाडी मिळाली ती बरी होऊन. सिग्नलला गाढ झोपलेल्या मुलासारखी एका लयीत चालायची. अ‍ॅक्सिलेटर सुरुवातीला जरा पोकळ लागायचा, थोडा फिरवल्यावर मग गाडी उचलायची. काकासाहेबांनी ते विचारलं, तेव्हा नवाब खाली बघत म्हणाला, "नई केबल है. रहने दो वैसीच."

त्यानंतरचे पाच सोमवार काकासाहेबांच्या आयुष्यातले फार चांगले सोमवार होते. ते मुद्दाम सिग्नल असलेल्या रस्त्यानं जायचे. हिरवा असला तर त्यांना चुकल्यासारखं वाटायचं. आशाबाई मागं एका बाजूला पाय सोडून बसलेल्या, मांडीवर पूजेची पिशवी, एक हात त्यांच्या खांद्यावर. दौलताबादच्या चढाला गाडी कुरकुरली नाही, खुलताबादला गर्दीत कण्हली नाही. गल्लीत त्यांनी सगळ्यांना सांगितलं की सरकारला आणि शेंद्र्याच्या कंपनीला जे सापडलं नाही ते एका नवाबला सापडलं. हात मात्र हलायचा थांबला नव्हता. "जुनी थरथर आहे," ते आशाबाईंना म्हणाले. "इतके दिवस अंगात मुरलेली. निघायला वेळ लागणार." आशाबाई म्हणाल्या, "व्हय, लागंल." आणि त्यांच्यासमोर अर्धा कप ठेवून गेल्या.

नवाबचं हे कौतुक राजकुमारला लागलं. सहाव्या सोमवारच्या आदल्या दिवशी तो सहज म्हणून आला, गाडीवर बसला आणि अ‍ॅक्सिलेटर फिरवून थबकला.

"काका, ही केबल कुणी बसवली? अर्धा इंच पोकळ फिरतंय. नियमानं दोन-तीन मिलिमीटर पायजे."

"नवाब म्हणाला राहू दे तशीच."

"असं कसं राहू दे? अडचणीच्या वेळी गाडी उचलायची असली तर? मागं काकू असतात." राजकुमार मनापासून बोलत होता. नियमही त्यानं बरोबर सांगितला होता. "हा शुद्ध निष्काळजीपणाय काका. जुन्या मिस्त्र्यांचं असंच असतं, सगळं अंदाजानं."

काकासाहेबांनी नवाबची बाजू घेऊन बघितली, पण मिलिमीटरपुढं त्यांचं काही चाललं नाही. राजकुमारनं दोन पाने आणले आणि दहा मिनिटांत केबल ताणून दिली. "आता बघा. बोट लागलं तरी उचलंल." काकासाहेबांनी त्याला पूर्ण कप चहा पाजला.

सोमवारी नगर नाक्याला सिग्नल लागला. गाडी थांबली आणि काकासाहेबांच्या हाताखाली इंजिन असं ओरडायला लागलं की आजवर कधी ओरडलं नव्हतं. पोलिसानं वळून बघितलं. रिक्षातल्या बायकांनी वळून बघितलं. "अहो, काय झालं?" आशाबाई मागून म्हणाल्या. काकासाहेबांनी उजवा हात आवरायचा प्रयत्न केला, त्या नादात डाव्या हातातला क्लच सुटला, आणि गाडी उसळून पुढं गेली. आशाबाई होत्या तिथंच राहिल्या.

त्या रस्त्यावर बसलेल्या होत्या. लुगड्याला धूळ, पिशवी उपडी, बेलाची पानं पसरलेली. नारळ घरंगळत एका ट्रकच्या चाकाखाली गेला आणि तिथं फुटला. माणसं जमली. एकानं पाणी दिलं, एकानं गाडी उचलली, आणि एकजण जवळ येऊन, अगदी मायेनं, म्हणाला, "काका, या वयात कशाला चालवता?" काकासाहेबांना त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. आशाबाईंनी उजवं मनगट डाव्या हातात धरलं होतं. त्या म्हणाल्या, "मला काय नाय झालं. नारळ फुटला, देवाला पोचला म्हणायचा." दवाखान्यात फोटो काढला तेव्हा मनगटाच्या हाडाला चीर निघाली आणि सहा आठवड्यांचं प्लास्टर बसलं.

रात्रभर काकासाहेबांनी मनातल्या मनात नवाबला पत्र लिहिलं. मंगळवारी सकाळी ते गाडी ढकलत निघाले. तिच्यावर बसायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, त्यामुळं हडको ते रोशन गेट त्यांनी ती हातानं नेली, आणि वाटेत पाच माणसांनी "पेट्रोल संपलं का काका?" असं विचारलं. गॅरेजसमोर चार गिऱ्हाइकं उभी होती. काकासाहेबांनी गाडी स्टँडला लावली आणि ते जे बोलायला लागले ते थांबेचनात. केबल ढिली ठेवलीस. विचारलं तर राहू दे म्हणालास. तुझ्या वडिलांच्या हातचं काम बघितलेला माणूस आहे मी, ते असते तर त्यांनी तुला दुकानात उभं केलं नसतं. माझ्या बायकोचं मनगट मोडलं तुझ्या कामचुकारपणामुळं. मराठीतून सुरू झालेलं बोलणं रागाच्या भरात हिंदीत गेलं, आणि काकासाहेबांच्या हिंदीत निम्म्या क्रियापदांचं लिंग चुकायचं, पण कुणी हसलं नाही.

नवाब मान खाली घालून ऐकत होता. "काकी को जास्ती लगा क्या?" एवढंच त्यानं विचारलं. मग त्यानं वाकून केबलला बोट लावलं आणि तो सरळ झाला.

"ये किसने टाइट किया?"

"ज्याला काम येतं त्यानं. राजकुमारनं."

नवाबनं गिऱ्हाइकांकडं बघितलं. "भाई, एक घंटे से आव. मेहेरबानी करो." ती गेली. त्यानं शटर अर्धं खाली ओढलं, गाडी सावलीत घेतली आणि किक मारली.

"साहब, बैठो. हात रखो."

काकासाहेब बसले. त्यांनी हात ठेवला. इंजिन चढलं, उतरलं, चढलं.

"निकालो."

त्यांनी हात काढला. इंजिन शांत झालं.

"फिर से रखो."

पुन्हा तेच. "निकालो." शांत. तिसऱ्यांदा नवाबनं सांगितलं नाही, काकासाहेबांनी आपणहून ठेवला आणि आपणहून काढला. नंतर त्यांनी डावा हात पलीकडं नेऊन मुठीवर ठेवला. इंजिन हललं नाही. पुन्हा उजवा ठेवला. इंजिन ओरडायला लागलं.

गाडीमुळं हात हलत नव्हता. हातामुळं गाडी हलत होती.

काकासाहेबांना हे कधीच कळलं नव्हतं असं म्हणणं खरं होणार नाही. बँकेतली सही गेल्या महिन्यात दोनदा परत आली होती. सदऱ्याची गुंडी लावायला उजव्या हाताला वेळ लागत होता. तिथं काही गाडी नव्हती. पण गाडीचा दोष असला की तो दुरुस्त होतो, पाना लावता येतो, सुटा भाग बदलता येतो. म्हणून त्यांनी सगळं गाडीवर टाकलं होतं आणि तिला घेऊन गावभर फिरले होते.

"तुला ठाऊक होतं," ते म्हणाले.

"हौ."

"मग बोलला का नाहीस?"

नवाबनं इंजिन बंद केलं. "अब्बा का ऐसाच था साहब. कार्बोरेटर का छोटा जेट रहता ना, उनके हात में ठहरताच नहीं था. उनोच बोलते थे, पाना खराब है. हम नया पाना ला के देते थे. फिर एक दिन मैंच मुँ पे बोल दिया, अब्बा, पाना नहीं, हात है. उस दिन से दुकान पे आनाच छोड़ दिये." तो लिंबाकडं बघत राहिला. "छे महिने बी नहीं निकाले. इसलिये तुमकू नहीं बोला. केबल ढीली किया, के हात हल्या तो बी इंजन तक पोहोचना नहीं. आज काकी नहीं गिरते तो मैं कबीच नहीं बोलता."

काकासाहेबांना एकदम अर्धा कप आठवला. दूध महागलं नव्हतं. भरलेला कप त्यांच्या हातातून सांडायचा, आणि सांडलेला त्यांनी बघू नये म्हणून ती बाई दोन खेपा घालत होती. त्यावर ते तिला लागट बोलले होते. मग आवडाबाई, राजकुमार, परिवहन कार्यालयापर्यंत सगळ्यांसमोर आपण मांडीवर हात ठेवून "बघा, बघा" म्हणत होतो, हेही त्यांना आठवलं. सगळ्यांनी बघितलं होतं. सगळ्यांना कळलं होतं. काकासाहेब तिथं, गाडीवर बसल्या बसल्या, रडले. ते शेवटचे कधी रडले होते हे त्यांना आठवत नव्हतं, त्यामुळं रुमाल कुठल्या खिशात असतो तेही आठवेना. नवाबनं हातातलं फडकं पुढं केलं. त्यानं काकासाहेबांच्या गालाला ऑइल लागलं.

"चार माणसांत बोललो तुला," ते म्हणाले. "तुझ्या वडिलांवरून बोललो. त्या माणसांना बोलव. त्यांच्यासमोर माफी मागतो."

"रहने दो. उन लोगां बी मेरेकू रोज बोलते." नवाब हसला. मग हळू आवाजात म्हणाला, "साहब, अबी बी ढीली कर देता मैं. उत्तीच. कुच दिन आराम से चलेगी. डॉक्टर को दिखाव, गोली देते वो लोग."

एकटे असते तर काकासाहेबांनी हो म्हटलं असतं. खरं सांगायचं तर आत्ताही त्यांना हो म्हणायचं होतं. अर्ध्या इंचाचा प्रश्न होता, आणि त्या अर्ध्या इंचात त्यांचे पुढचे पुष्कळ सोमवार मावले असते. पण मागं ती बसते. एका बाजूला पाय सोडून, मांडीवर पिशवी घेऊन, आपल्या भरवशावर.

"नको," ते म्हणाले. "नियमाप्रमाणं ठेव. तुझ्या हातानं बघून घे. आणि मला घरी सोड."

नवाबनं केबल तपासली, गाडी बाहेर काढली आणि तो पुढं बसला. काकासाहेब मागं बसायला गेले आणि अडले. पंधरा वर्षांत या गाडीच्या मागच्या जागेवर ते कधी बसलेच नव्हते. पाय कुठं ठेवायचे ते त्यांना कळेना. आशाबाईंसाठी हजारदा उघडून दिलेली पायटी त्यांनी स्वतःसाठी वाकून उघडली. हात कुठं ठेवायचा तेही कळेना. शेवटी तो त्यांनी नवाबच्या खांद्यावर ठेवला.

टीव्ही सेंटरच्या चौकात सिग्नल लाल झाला आणि गाडी थांबली. इंजिन हळू, एका सुरात चालत होतं. काकासाहेबांनी कान देऊन ऐकलं. चढ नाही, उतार नाही. गाडी ठणठणीत होती, निरीक्षकानं लिहून दिलं होतं तशीच. त्यांचा हात नवाबच्या खांद्यावर हलत होता. नवाब समोर सिग्नलकडं बघत होता. त्यानं खांदा जरासुद्धा हलवला नाही.

"नवाब."

"हौ साहब."

"सोमवारी सकाळची वेरूळची एसटी किती वाजता असते रे?"

नवाबलाही ते माहीत नव्हतं. "चलो, पूछ के आते," तो म्हणाला, आणि सिग्नल सुटल्यावर त्यानं गाडी घराकडं न नेता वळवून बसस्टँडच्या रस्त्याला घातली.